कागदाची जास्वंद

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला होता. खडवलीला मावशीकडे बसलो असताना इंग्लंडहून तिच्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा नऊ वर्षांचा, अंगात शाळेचा गणवेश, कोटाच्या कॉलरपाशी टाचलेले कागदाचे लाल फूल. मावशीने चष्मा सारखा केला. "अरे वा, जास्वंद लावलीस होय? तिकडेपण मंगळवार करतात का रे?" खडवलीच्या माणसाला लाल फूल दिसले की जास्वंदच आठवणार. एक स्टेशन अलीकडे टिटवाळ्याचा गणपती आहे.

"आजी, ही पॉपी आहे. सोल्जर्सची आठवण म्हणून."

"कुठल्या सोल्जरांची?"

"सगळ्याच. वॉरमध्ये मेले ते."

मावशी दूधवाल्याला मागच्या महिन्याचा हिशेब ज्या सुरात विचारते, त्याच सुरात म्हणाली, "नावं काय त्यांची?"

पोराला नावे ठाऊक नव्हती. त्याचा बाप मागून म्हणाला, "आई, ते सिम्बॉलिक असतं." मग बोलणे चकलीवर गेले. मी मात्र मावशीच्या प्रश्नापाशीच राहिलो. तो भाबडा आहे असे मला तेव्हा वाटले होते. आता वाटत नाही.

ही पॉपी आपल्या खसखशीच्या कुळातली, पण अनारशाला लावतो ती खसखस देणारे झाड वेगळे आणि हे वेगळे. हे युरोपातल्या गव्हाच्या शेतात आपसूक उगवणारे तण. जमीन उकरली गेली की वर्षानुवर्षे झोपलेले त्याचे बी वर येते. पहिल्या महायुद्धात तोफांनी बेल्जियम-फ्रान्सची जमीन उकरली, तिच्यात घाईघाईने थडगी खणली गेली, आणि त्यांवर हे फुलले. जॉन मक्रे या कॅनडाच्या लष्करी डॉक्टरने १९१५ मध्ये त्यावर कविता लिहिली. ती वाचून मोइना मायकेल या अमेरिकी शिक्षिकेने १९१८ मध्ये ते फूल अंगावर लावायला घेतले. आना गेरँ या फ्रेंच बाईंनी कापडी फुले विकून विधवा-पोरक्या मुलांसाठी पैसा उभा केला, आणि ११ नोव्हेंबर १९२१ ला ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने ती इंग्लंडात विकली. विकली, हे लक्षात ठेवायचे. लढाईवरून परतलेले लाखो लोक बेकार होते, कुणाचा पाय गेलेला, कुणाचे फुप्फुस गॅसने जळलेले. दुसऱ्याच वर्षी, १९२२ मध्ये, अपंग सैनिकांच्या हातांना काम म्हणून ही फुले करायचा कारखाना निघाला. म्हणजे पॉपी ही मुळात वर्गणीची पावती होती. गणपतीची वर्गणी दिल्यावर दारावर चिकटवतात तशी, फक्त कोटावर टाचायची.

पावतीचे पुढे बिल्ल्यात आणि बिल्ल्याचे परीक्षेत रूपांतर कसे होते, हे त्या फुलाच्या शंभर वर्षांत बघायला मिळते. जेम्स मक्लीन नावाचा फुटबॉलपटू २०१२ पासून ती लावत नाही. तो डेरीचा आहे. त्या गावात जानेवारी १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. त्याचे कारण कळायला अवघड नाही, तरी वर्षानुवर्षे मैदानात त्याची हुर्यो होत आली. उलट २०१० मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमरन पॉपी लावून बीजिंगला गेले, तेव्हा चिनी अधिकाऱ्यांनी ती काढून ठेवा म्हणून सुचवले. त्यांना फुलात अफूची युद्धे दिसली. कॅमरननी काढली नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चिनी चुकले, इतिहासाच्या दृष्टीने मी त्यांना नावे ठेवणार नाही. त्या अफूतली माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून चीनला जायची, आणि मुंबईतल्या कित्येक दानशूर इमारतींच्या पायात तो पैसा आहे.

या फुलाला सर्वांत नेमका जाब विचारला तो श्रीलंकेने. सिलोनमध्ये पॉपी डेला जमलेला बहुतेक पैसा इंग्लंडला जाई आणि स्थानिक माजी सैनिकांच्या हाती फारसे काही पडत नसे. म्हणून १९३१ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या बाजूने 'सुरिया मल' ही चळवळ सुरू झाली. त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर पॉपीऐवजी सुरिया झाडाचे पिवळे फूल विकायचे. पुढे डाव्या तरुणांनी ती उचलली, आणि १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत हेच कार्यकर्ते औषधे घेऊन खेड्यांत फिरले. मला या चळवळीतले आवडते ते हे, की तिने मेलेल्यांच्या आठवणीची टिंगल केली नाही. तिने फक्त विचारले, पावती कुणाची आणि पैसा कुणाला?

आपल्याकडे या पावतीचा वारस आहे, पण त्याला कुणी वारस म्हणून ओळखत नाही. ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असा तीन पट्ट्यांचा कागदी झेंडा. शाळेत वर्गशिक्षक तो वाटत, आपण घरून पैसे आणत असू, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याची टाचणी एकमेकांना टोचण्याच्या कामी येई. आता जिल्हाधिकारी कार्यालयात शुभारंभ होतो, खात्यांना उद्दिष्टे दिली जातात आणि उद्दिष्ट पुरे करणाऱ्यांचा सत्कार होतो. हे कंटाळवाणे आहे, सरकारी आहे, आणि माझ्या मते पॉपीपेक्षा जास्त सरळ आहे. तो झेंडा आपण काय वाटून घ्यावे हे सांगत नाही. वीरपत्नीच्या मुलांच्या शिक्षणाला, निवृत्त जवानाच्या अडचणीला पैसे द्या एवढेच म्हणतो. तो लावला नाही म्हणून कुणाची हुर्यो होत नाही. असल्या परीक्षा घ्यायला आपल्याकडे चित्रपटगृहातले राष्ट्रगीत आहेच, त्यात या गरीब झेंड्याची भर नको.

तेव्हा मदतीचा प्रश्न सुटला, निदान त्याला खाते तरी आहे. मावशीचा प्रश्न सुटला नाही.

तो सुटत नाही याचे कारण आपल्याच गावांत दगडावर लिहिलेले आहे. साताऱ्यात, कोकणात बऱ्याच गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानसा संगमरवरी फलक असतो. मजकूर सगळीकडे एकाच साच्याचा: १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गेलेल्यांचा आकडा आणि मेलेल्यांचा आकडा, बस. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण मेले. आजही घरटी कुणीतरी फौजेत आहे असे तिथले लोक अभिमानाने सांगतात, आणि त्यांचा अभिमान खरा आहे. पण गावाबाहेरच्या आपल्यासारख्यांना त्या गावाचे काय पाठ असते? सेहेचाळीस.

गावच्या फलकावर जे झाले तेच साम्राज्याच्या पातळीवर झाले. मराठ्यांच्या पलटणी मुख्यतः गेल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या. १४७ दिवस वेढा चालला. धान्य संपले, घोडे कापायची पाळी आली. हिंदी शिपाई ते मांस खाईनात, तेव्हा धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि पुढे कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेताना हजारो मेले. या मोहिमेतल्या मृतांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले, चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी. त्यात ब्रिटिश शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली 'आणि इतके इतर हिंदी सैनिक' एवढेच आले. युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या अहवालात हे कबूल केले. ४५ ते ५४ हजार मृतांची नोंद असमान रीतीने झाली, आणि आणखी निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसे नावाने किंवा मुळीच नोंदली गेली नाहीत. यांत बहुतेक हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. माफीत पुन्हा आकडाच होता, याला कुणाचा इलाज नाही.

आकडा हा वाईट प्रकार आहे असे मला म्हणायचे नाही. लंडनच्या टॉवरभोवती २०१४ मध्ये ८ लाख ८८ हजार २४६ चिनीमातीच्या पॉप्या रोवल्या होत्या, एकेका मृतामागे एक. तो खंदक बघून माणसे रडली. पण ती सगळी फुले एकसारखी होती, आणि एकसारखेपणा हाच त्या दृश्याचा परिणाम होता. एकसारख्या गोष्टीवर माणूस फार वेळ रडू शकत नाही. आपल्याकडेही हेच आहे. 'एकशे सहा हुतात्मे' हे शब्द प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर आहेत, १ मेला ते प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतात. त्यांतली चार नावे सांगा म्हटले, तर व्यासपीठ आणि सभा दोन्ही माना खाली घालतील. मीही त्यात आलो. उलट १९३० मध्ये परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा झालेला बाबू गेनू. एकच माणूस, गिरणी कामगार, पण नाव राहिले म्हणून माणूस राहिला.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. मला तो खोडायचा नाही, त्याचे वजन आहे. हे लोक देशासाठी मेले नाहीत, दरमहा अकरा रुपये पगारासाठी, राणीच्या नातवाच्या साम्राज्यासाठी मेले. त्यांची आठवण आपण का ठेवायची? दिल्लीत २०१९ मध्ये उभारलेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचीच नावे आहेत, ती रेघ याच विचाराने ओढलेली. आमच्या कल्याणच्या परिसरात तर महायुद्धाची आठवण फुलाबिलाची नाहीच. ती जमिनीची आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ जी लष्करी छावणी पडली तिच्यात फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहायला आले, १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले आणि आजही रिक्षावाला 'कॅम्प नंबर तीन का चार?' विचारतो. नेवाळीला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, युद्ध संपले, जमिनी परत आल्या नाहीत. जून २०१७ मध्ये ते आंदोलन पेटले, वाहने जळाली, माणसे जखमी झाली. नेवाळीच्या शेतकऱ्याला ११ नोव्हेंबरला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहा म्हणून सांगण्याची माझी हिंमत नाही. तो सत्तर वर्षांहून अधिक काळ उभाच आहे.

पण हा आक्षेप एक गोष्ट गृहीत धरतो: दगडावर ज्याने नाव कोरले, त्याच्याच अर्थाने ते कायम वाचले जाईल. तसे होत नाही याचा महाराष्ट्राइतका मोठा पुरावा दुसरीकडे क्वचितच असेल. कोरेगाव भीमाचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या मोठेपणासाठी उभारला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मेलेल्या शिपायांची नावे त्यावर कोरली. त्यात शेवटी 'नाक' असलेली महार शिपायांची नावे आहेत, इतर जातिधर्मांचीही आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच इंग्रजांनी लढाऊ जातींचे शास्त्र काढून महारांना फौजेची दारे बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारला अर्ज केला, की आमचे बापजादे तुमच्या फौजेत लढले, मग आम्हीच का नको? १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. तेव्हापासून तो दगड कंपनीचा राहिला नाही. त्या स्तंभाविषयी तुमचे मत काहीही असो, वाद घालायलासुद्धा आधी त्यावरची नावे वाचावी लागतात. समजा, कंपनीने तिथे 'आणि इतर देशी शिपाई' एवढेच कोरले असते. मग १९२७ मध्ये तिथे वाचायला काय होते?

नाव परत मागता येते, आकडा मागता येत नाही. अकरा रुपयांसाठी गेला असेल, दुष्काळामुळे गेला असेल, भावकीला कंटाळून गेला असेल. हे ठरवायलासुद्धा तो कोण होता ते आधी कळले पाहिजे. साम्राज्यासाठी मेला म्हणून त्याला विसरायचे ठरवले, तर साम्राज्याने त्याच्या नावाची जी किंमत केली तिच्यावर आपणच शिक्का मारतो. शिवाय त्या काळातली रेघ आपण समजतो इतकी स्वच्छ नव्हती. १९१८ च्या उन्हाळ्यात खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून सैन्यभरती करत होते. टिळकांचाही भरतीला मुळात विरोध नव्हता. त्यांना तिच्या बदल्यात स्वराज्याचा शब्द हवा होता, आणि मुंबईतल्या जून १९१८ च्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी बोलू दिले नाही म्हणून ते उठून बाहेर गेले. नेत्यांचे हे हिशेब इतिहासात नावानिशी आहेत. ज्यांच्या जिवावर हिशेब चालले होते, ते फलकावर आकड्यात आहेत.

मग आपण कोणते फूल लावायचे? या प्रश्नावर अलीकडे बरीच कल्पकता खर्च झाली आहे. युद्धसमाप्तीच्या शताब्दीला, २०१८ मध्ये, ब्रिटिश लीजनने हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी काढली. हेतू चांगला होता, पण खादीला टाचून घ्यायला पॉपीच सापडावी, यावर गांधीजी हसले असते की नाही ते मी सांगू शकत नाही. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमधले स्क्वाड्रन लीडर राणा छिना यांनी झेंडू सुचवला. झेंडू मला आवडला असता. दसऱ्याला शस्त्रांवर तोच असतो, तिरडीवरही तोच असतो. पण मराठीत झेंडूच्या फुलांमागे १९२५ पासून आचार्य अत्रे उभे आहेत, आणि गंभीर प्रसंगी त्या विडंबनांची आठवण होणे बरे नव्हे. तसे झेंडू तरी कुठला आपला? तो मेक्सिकोहून आला, आणि तिथेही मेलेल्यांच्या सणाला तोच वाहतात.

मला वाटते, फूल शोधणे हीच चूक आहे. मेलेल्याला आठवण्याची आपली रीत अंगावर लावण्याची नाही. पितृपक्षात पाण्याकाठी बसून तर्पण करतात, तेव्हा गुरुजी पहिल्यांदा विचारतात ते नाव आणि गोत्र. माहीत नसेल तर घरी फोन लावतात, म्हातारीला उठवतात. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठीही त्या विधीत पाणी आहे, पण ते शेवटी, आधी नावे. मी फारसा धार्मिक माणूस नाही, तरी या क्रमात मला शहाणपण दिसते. मावशी दूधवाल्याच्या सुरात जे विचारत होती ते हेच.

पूर्वजांचे गोडवे गाण्यापूर्वी मात्र बोरिवलीजवळ एकसरला जाऊन यावे. तिथे शिलाहार-यादवांच्या झगड्याच्या काळातले म्हणून सांगितले जाणारे सहा वीरगळ आहेत. जहाजांच्या रांगा, वल्ही, पाण्यात पडणारी माणसे, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. समुद्रावरची लढाई इतकी तपशिलात कोरलेली दगडावर सहसा दिसत नाही. आणि आज त्यांवर वाचता येईल असे एकही नाव नाही. गावोगावच्या वीरगळांचे तर आपण शेंदूर फासून देव केले. देव केला की नाव विचारायची गरज राहत नाही, हेही आपलेच शहाणपण. आताचे जवान गेले की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर नाव असते खरे, पण शुभेच्छुकांचे फोटो त्याहून मोठे, आणि पुढच्या वाढदिवसाला तो उतरतो.

सांगायचे आहे ते लहान आहे आणि करता येण्याजोगे आहे. नावे बहुतेक ठिकाणी हरवलेली नाहीत, ती कुठल्यातरी नोंदवहीत आहेत. आयोगाच्या नोंदी आहेत, पलटणींच्या आहेत, पेन्शनच्या कागदांत आहेत. पंजाबातल्या ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार नोंद लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षे पडून होती. ती संगणकावर आली आणि ब्रिटनमधल्या पंजाबी घरांतली माणसे आपापल्या गावाचे पान उघडून पणजोबा शोधू लागली. तिकडच्या आपल्या मराठी मंडळांना नोव्हेंबरात करायला याहून चांगले काम नाही. इकडेही दूर जायला नको. खडवलीची लोकल सीएसएमटीला पोचण्याआधी शेवटचे स्टेशन मशीद. तिथे इंडियन सेलर्स होमच्या आवारात दोन्ही महायुद्धांत समुद्रावर मेलेल्या खलाशांची स्मारके आहेत, पहिल्या युद्धातले दोन हजारांहून अधिक, दुसऱ्यातले सहा हजारांहून अधिक. कोकणच्या कित्येक घरांचे लोक त्या जहाजांवर होते. रोज लाखो माणसे त्यावरून जातात. मीही तीस वर्षे गेलो, दारात लटकून, आणि त्या पूर्ण काळात मला तिथे फक्त सुक्या मेव्याचे घाऊक दुकानदार आणि हमाल माहीत होते.

याच रुळांवरून देवळालीच्या छावणीतले सैनिक मुंबईच्या गोदीकडे जात. कल्याण ते वाशिंद हा लोहमार्ग १८५५ चा, खडवली त्याच टप्प्यात. भातसेच्या पुलावरून त्या गाड्या गेल्या असणार, आणि डब्यात बसलेल्याला नाव होते, गाव होते, बहुधा घरी न सांगितलेले एखादे कर्जही होते.

मावशीच्या नातवाला मी नंतर एक निरोप पाठवला: पॉपी खुशाल लाव, पैसे दिलेस ते चांगले केलेस, पण आपल्याकडच्या कुणाचे तरी एक नाव शोध आणि आजीला सांग. त्याने आठवडाभराने सांगितले ते नाव यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक, मराठा लाइट इन्फन्ट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत मेला, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थडगे सापडले नाही. मावशीने सगळे नीट ऐकून घेतले, वय विचारले. बावीस. "लग्न झालं होतं का रे?" ते पोराला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मग तिने मला विचारले, "आणि त्याच्याबरोबरचे?"

साताऱ्याकडच्या एका गावात मी जो फलक पाहिला आहे, तो शाळेच्या ओट्यापाशी आहे. मेलेल्यांच्या जागी तीनचा आकडा आहे, आणि त्याच्याखाली वीतभर संगमरवर कोरा आहे.